दाताचं इम्प्लांट: करायच्या आधी, करताना आणि नंतर पडणारे प्रश्न

दात काढला की पहिले काही दिवस जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते, मग सवय होते आणि माणूस विसरून जातो. आठवण येते ती वर्ष-दोन वर्षांनी, तोपर्यंत हाड खाली बसलेलं असतं आणि शेजारचा दात मोकळ्या जागेत कललेला असतो. खाली बरेचसे प्रश्न लोक हमखास विचारतात ते आहेत, आणि काही कुणी विचारत नाही पण विचारायला हवेत म्हणून मुद्दाम घातलेत.

इम्प्लांट म्हणजे पूर्ण दात की नुसता स्क्रू?

बोलताना सगळ्यालाच इम्प्लांट म्हणतात त्यामुळे इथेच पहिला घोळ होतो. खरं म्हणजे तीन वेगळे भाग असतात. हाडात जातो तो स्क्रू, बहुतेक वेळा टायटॅनियमचा, साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब. त्यावर हिरडीतून वर येणारा जोड, त्याला ऍबटमेंट म्हणतात. आणि त्यावर दिसणारी कॅप. कुणी खर्च सांगितला की पहिलं हे विचारा की यात तिन्ही धरलंय का, कारण नुसत्या स्क्रूचा आकडा ऐकून लोक खूश होतात आणि चार महिन्यांनी कॅपचं बिल बघून भांडतात.

हाडात धातू घातला तर शरीर तो बाहेर नाही का फेकणार?

टायटॅनियम नाही फेकत, आणि हे कळलं तेही जरा अपघातानेच. १९५२ मध्ये स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रॉनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवून आत रक्त कसं वाहतं ते बघत होते, अभ्यास संपल्यावर ते उपकरण काढायला गेले तर निघेचना, हाड त्याला घट्ट धरून बसलेलं. मग बरीच वर्षं प्रयोग करून १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात स्क्रू बसवले आणि ते त्या माणसाला शेवटपर्यंत, म्हणजे ४० वर्षं पुरले. तरी बाकीच्या दंतवैद्यांना पटायला १९८२ उजाडलं, टोरंटोच्या परिषदेनंतर जग याच्याकडे गांभीर्याने बघायला लागलं.

टायटॅनियमला हवा लागली की लगेच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि हाडाच्या पेशी त्या थराला चिकटून वाढतात. किडनी बदलल्यावर शरीर ती नाकारतं तसं इथे नसतं. इम्प्लांट फेल जातं ते जंतू शिरले, ड्रिल करताना हाड तापलं, किंवा हाड धरायच्या आत स्क्रू हलला म्हणून.

दुखतं का?

करताना नाही, भूल दिलेली असते. कंप जाणवतो, दाब जाणवतो, आवाज डोक्यात घुमतो, पण कळ नाही. खूप जणांचं म्हणणं असतं की दात काढताना जेवढा त्रास झाला त्याच्या निम्माही झाला नाही आणि ते बरोबरच आहे, दात काढताना ओढाताण असते, इथे एकेक जाड होत जाणाऱ्या ड्रिलने शांतपणे भोक मोठं करत नेतात. मध्येमध्ये तोंडात पाणी भरल्यासारखं वाटतं ते सलाइन असतं, ड्रिल थंड ठेवायला. हाड ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिलं तरी त्याच्या पेशींना इजा होते, म्हणून ती सलाइनची धार बंद ठेवून चालत नाही.

नंतर दोन-तीन दिवस सूज, बाहेरून बर्फाचा शेक, साध्या पेनकिलर. चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर फोन करा. आणि खालच्या दाढेचं इम्प्लांट झालंय, भूल उतरायची वेळ होऊन गेली तरी ओठ किंवा हनुवटी बधीरच आहे, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी कळवा. खालच्या जबड्यातून एक नस जाते, तिच्यावर स्क्रूचा दाब येत असेल तर तो लवकर काढण्यातच शहाणपण असतं.

त्यासाठीच स्कॅन करायला सांगतात का?

हो. साध्या एक्स-रेमध्ये उंची कळते, जाडी कळत नाही. सीबीसीटी नावाच्या स्कॅनमध्ये हाडाचे आडवे काप दिसतात, नस कुठून जाते, वरच्या दाढांवरची सायनस नावाची हवेची पोकळी किती खाली आलीय, सगळं मोजता येतं. नसेपासून साधारण २ मिलिमीटर जागा सोडायची असा नियम पाळतात. स्कॅन न करता नुसतं तोंडात बघून तारीख देणारा असेल तर मी तरी दुसरीकडे विचारीन.

एकूण वेळ किती लागतो?

एका दाताचा स्क्रू बसवायला बहुतेक वेळा तासभरसुद्धा लागत नाही. बाकी सगळं थांबणं आहे. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्याचं हाड जरा भुसभुशीत असतं म्हणून चार ते सहा, हल्लीच्या खरखरीत पृष्ठभागाच्या स्क्रूंमुळे काही केसेसमध्ये याहून लवकरही होतं. हाड भरावं लागलं तर त्याचे महिने वेगळे.

आता हे थांबणं नीट समजून घ्या कारण सगळी गंमत इथेच आहे. पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो नुसत्या आट्यांमुळे, लाकडात स्क्रू आवळल्यावर घट्ट बसतो तसा, हाडाने त्याला अजून धरलेलं नसतं. मग शरीर आट्यांभोवतीचं दबलेलं जुनं हाड हळूहळू काढून टाकायला लागतं आणि त्याच्या जागी नवीन आणतं. जुनं गेलंय पण नवीन पुरतं पिकलं नाही असा एक काळ मध्ये येतो, साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, आणि तेव्हा स्क्रू पहिल्या दिवसापेक्षा ढिला असतो. नेमकं याच वेळी पेशंटला एकदम मस्त वाटत असतं, टाके निघालेत, सूज गेलीये, दुखत नाही, मग त्याच बाजूने कडक काहीतरी चावून बघायचा मोह होतो. नको. दुखत नाही म्हणजे झालं असं नसतं, हाडाला त्याचा वेळ लागतोच आणि त्याला कुठलंही औषध देऊन पळवता येत नाही.

मग जाहिरातीत "एका दिवसात दात" कसं म्हणतात?

खोटं नसतं, अर्धं असतं. स्क्रू बसवताना तो किती जोरात आवळला जातोय ते मोजता येतं, ३५ न्यूटन सेंटिमीटरच्या आसपास पकड मिळाली, हाड चांगलं असलं, तर त्याच दिवशी वर तात्पुरती कॅप लावतात. पण ती तात्पुरती असते, पुढच्या एकट्या दाताची असेल तर समोरच्या दाताला टेकू नये अशी मुद्दाम आखूड ठेवतात, दिसायला दात आणि कामाला शून्य. पुढचा दात असेल, लोकांत मिसळायचं असेल तर सोय म्हणून छानच आहे. दाढेसाठी एवढी घाई कशाला ते मला कळत नाही, दाढ कुणाला दिसते.

दात काढला त्याच वेळी इम्प्लांट घालता येतं का?

येतं, जर मुळाभोवतीचं हाड शाबूत असेल, विशेषतः बाहेरच्या बाजूची पातळ भिंत, आणि पस वगैरे नसेल. एक सुई वाचते, काही महिने वाचतात. नाहीतर दात काढून दीड-दोन महिने थांबतात, तोवर हिरडी भरून येते.

पण "बघू नंतर" म्हणून वर्षभर सोडायचं असेल तर नुकसान आहे. दात काढल्यावर पहिल्या वर्षात तिथल्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. इम्प्लांट पुढे कधीतरी करायचंय हे नक्की असेल तर दात काढतानाच सांगा, म्हणजे खड्ड्यात हाडाची पावडर भरून ठेवता येते, हाड थोडंफार तरी राखलं जातं.

हाड कमी आहे म्हणाले. म्हणजे संपलं?

नाही, पण काम वाढलं. हाड भरतात, त्याला ग्राफ्ट म्हणतात. ते तुमच्याच जबड्यातून घेतलेलं असू शकतं, दुसऱ्या माणसाचं प्रक्रिया केलेलं, प्राण्याचं (बहुतेक वेळा गाई-बैलांचं) किंवा पूर्ण कृत्रिम. बाटलीवर काय लिहिलंय ते कुणी आपणहून सांगतंच असं नाही, तुम्हाला एखादा प्रकार चालत नसेल तर आधीच विचारा, नंतर कळून मनाला लागण्यापेक्षा बरं.

वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते, दाढा गेल्या की ती खाली पसरते आणि हाड पापुद्र्याएवढं उरतं. तिथे सायनसचं अस्तर अलगद वर उचलून खाली हाड भरतात. हे झाल्यावर काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. ऐकायला विचित्र वाटतं पण पाळा, दाबलेल्या शिंकेच्या जोराने भरलेलं हाड हलू शकतं.

ब्रिज केला तर स्वस्तात नाही का होणार?

सुरुवातीला हो. पण ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात, आणि त्यासाठी दोन्ही बाजूचे दात घासून बारीक करावे लागतात. ते दोन्ही दात आधीच मोठ्या फिलिंगचे, रूट कॅनल झालेले असतील, त्यांना तसंही कॅप लागणारच असेल तर ब्रिज अगदी योग्य आहे, उगाच इम्प्लांटच्या मागे लागू नका. दोन्ही दात धडधाकट असतील तर मात्र एका गेलेल्या दातासाठी दोन चांगले दात घासायला जीवावर येतं. शिवाय ब्रिजच्या खाली दात किडला की पूर्ण ब्रिज जातो.

अक्कलदाढ काढली, तिथे पण बसवायचं का?

नाही हो. आणि त्याच्या आधीची शेवटची दाढ गेली असेल, समोर चावायला तिचा जोडीदारही नसेल, बाकी चावणं नीट चाललं असेल, तर तीसुद्धा तशीच सोडलेली बरेचदा चालते. प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असं काही नाही.

सगळेच दात गेलेत. मग अठ्ठावीस स्क्रू?

छे. दोन मुख्य रस्ते आहेत. एक, खालच्या जबड्यात पुढे फक्त दोन इम्प्लांट आणि त्यावर टिचकन बसणारी, काढता येणारी कवळी. खालची कवळी बोलताना उचलली जाते, जिभेने सरकते, हे ज्यांनी भोगलंय त्यांना या दोन बटणांची किंमत कळते. कमी खर्चात सर्वात जास्त फरक पडणारं काम कुठलं असं विचाराल तर माझं उत्तर हेच.

दुसरा, एका जबड्यात चार ते सहा इम्प्लांट आणि त्यावर पक्के बसवलेले पूर्ण दात. चार इम्प्लांटच्या पद्धतीत मागचे दोन तिरपे घालतात, ४५ अंशांपर्यंत, म्हणजे सायनस आणि नस चुकवता येते आणि हाड भरणं बऱ्याचदा टळतं. पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी ही पद्धत रूढ केली. सोय मोठी आहे, पण चारातलं एक गेलं तर उरलेल्यांवर सगळं येतं हेही आधी लक्षात घ्या.

डायबेटीस आहे, चालेल?

डायबेटीस आहे की नाही यापेक्षा ताब्यात आहे की नाही हे बघतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी टेस्ट ७ च्या आसपास असेल तर सहसा अडत नाही, ८ च्या वर असेल तर बरेच डॉक्टर आधी साखर ताब्यात आणा म्हणतात. साखर वाढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो आणि जंतू लवकर शिरतात.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, दोन दिवस बंद करू का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. हिरडीतून थोडं जास्त रक्त आलं तर ते दाबून, टाके घालून थांबवता येतं, गोळी बंद केल्यामुळे गुठळी झाली तर ते फार महागात पडतं. ज्यांनी गोळी दिलीये त्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.

आणखी कुठली औषधं सांगायला हवीत?

हाडं ठिसूळ झाली म्हणून घेतात ती. अॅलेन्ड्रोनेटच्या आठवड्याच्या गोळ्या, झोलेड्रोनेटचं वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन, डेनोसुमॅबचं सहा महिन्यांचं इंजेक्शन. लोक हे सांगायला विसरतात कारण रोजचं औषध नसतं ना, "काही गोळ्या चालू आहेत का" विचारलं की बीपीची सांगतात आणि मोकळे होतात. या औषधांवर असताना जबड्याच्या हाडाची जखम क्वचित भरतच नाही, हाड उघडं पडतं. ठिसूळपणासाठीच्या डोसमध्ये धोका कमी असतो, कॅन्सरसाठी मोठ्या डोसमध्ये दिलं असेल तर बराच जास्त आणि तेव्हा इम्प्लांट सहसा टाळतातच. तोंडाला किंवा गळ्याला रेडिएशन झालं असेल तर तेही सांगायचं, कितीही वर्षं झालेली असोत.

सिगारेट सोडावीच लागेल?

ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट फेल जायचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतं. कायमची सोडली तर उत्तम, निदान आधी एक-दोन आठवडे आणि नंतर दोन महिने तरी नको. चघळायची तंबाखूही त्यातच आली.

वयाची अट?

वर नाही, खाली आहे. ऐंशीच्या घरातल्या लोकांनाही बसवतात, तब्येत बरी हवी एवढंच. लहानांचं मात्र उलट, जबडा वाढतो तसे खरे दात बरोबर खाली येतात आणि इम्प्लांट हाडाला चिकटल्यामुळे जिथल्या तिथे राहतं, मग चार-पाच वर्षांनी तो दात आखूड दिसायला लागतो. म्हणून सोळा वर्षांच्या मुलाचा खेळताना पुढचा दात गेला तर थांबायचं, तोवर काढता येणारा दात किंवा मागून चिकटवलेला दात लावायचा, आईवडिलांनी कितीही आग्रह केला तरी.

एमआरआय करता येतो का नंतर?

येतो. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, फक्त त्या भागातलं चित्र जरा पुसट येतं. कवळी चुंबकावर बसणारी असेल तर आधी सांगून ठेवा, कवळी काढून ठेवायची.

टायटॅनियमऐवजी पांढरं झिरकोनियाचं घ्यावं का?

हिरडी फारच पातळ असेल आणि पुढचा दात असेल तर विचार करण्यासारखं आहे, झिरकोनिया हे पांढरं सिरॅमिक असतं त्यामुळे हिरडीतून धातूची करडी छटा दिसत नाही. पण टायटॅनियमचा इतक्या वर्षांचा अनुभव हाताशी आहे तेवढा झिरकोनियाचा नाही, म्हणून सरसकट कुणी सुचवत नाही. कॅप मात्र झिरकोनियाची बिनधास्त घ्या.

कॅप स्क्रूने लावतात की चिकटवतात?

दोन्ही करतात. चिकटवली की वर भोक दिसत नाही, पण जादाचं सिमेंट हिरडीखाली राहिलं तर तिथे सूज येते आणि हळूहळू हाड जातं. स्क्रूच्या कॅपला चावायच्या बाजूला बारीक भोक असतं ते दाताच्या रंगाने बुजवतात, आणि पुढे कधी काही झालं तर सरळ उघडून काढता येते. जमत असेल तिथे स्क्रूचीच मागा.

किती वर्षं टिकतं?

दहा वर्षांनंतर शंभरातली नव्वदहून जास्त जागेवर असतात. हे स्क्रूचं झालं. कॅपचा तुकडा उडणं, आतला, वरचा भाग धरून ठेवणारा छोटा स्क्रू ढिला होणं हे मध्ये होऊ शकतं. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड घालायलाच हवं, कारण खऱ्या दाताभोवती हाडात तंतूंची एक बारीक गादी असते, ती दाब झेलते आणि "जोर जास्त झाला" हे मेंदूला कळवते, इम्प्लांटला ती गादी नाही. तुम्ही किती जोरात चावताय हे त्याला कळत नाही.

धातूचा दात किडत नाही, मग घासायचा कशाला?

किडत नाही हे खरं, पण आजूबाजूची हिरडी आणि हाड तुमचंच आहे. तिथे घाण साचली की आधी हिरडी लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं, एवढ्यावर पकडलं तर साफसफाईने बरं होतं. पुढे गेलं की आतलं हाड झिजायला लागतं, दुखत मात्र नाही, म्हणून कळतं तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो. ज्यांचे दात हिरडीच्या आजाराने पडले त्यांनी हे दुप्पट सांभाळायचं, कारण आजार दातांबरोबर गेलेला नसतो.

रोज ब्रश, शिवाय इंटरडेंटल ब्रश नावाचा छोटा काटेरी ब्रश मिळतो तो दोन्ही बाजूंच्या फटीतून आत-बाहेर फिरवायचा, त्याची तार प्लॅस्टिकने मढवलेली बघून घ्या. कॅप रुंद आणि खालची मान बारीक असल्यामुळे तिथे हिरडीच्या काठाला त्रिकोणी फट राहते आणि अन्न अडकतं ते तिथेच. टूथपिकने टोकरू नका. सहा महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा एक्स-रे.

काही वर्षांनी अचानक शेजारच्या दातात अन्न अडकायला लागलं, असं का?

खरे दात आयुष्यभर थोडे थोडे पुढे सरकत असतात, इम्प्लांट सरकत नाही, म्हणून मधली फट उघडते. कुणाची चूक नसते. स्क्रूची कॅप असेल तर काढून बाजू भरून परत लावता येते.

दात हलतोय! पडणार का?

घाबरू नका, बहुतेक वेळा आतला छोटा स्क्रू ढिला झालेला असतो, आवळला की झालं. पण तसंच चावत राहिलात तर तो तुटतो आणि तुटलेला तुकडा काढणं कटकटीचं आहे, तर त्याच आठवड्यात जा. स्क्रू हाडातच हलत असेल तर मात्र ते इम्प्लांट गेलं.

गेलं तर परत बसवता येतं?

बरेचदा येतं. काढून दोन-तीन महिने हाड भरू देतात, कधी त्याच वेळी जाड स्क्रू घालतात, दुसऱ्या खेपेला यशाचं प्रमाण थोडं कमी असतं. पण परत बसवायच्या आधी पहिलं का गेलं ते विचारा, "कधीकधी होतं" हे उत्तर नाही. आणि पहिल्या वेळी असो की दुसऱ्या, स्क्रूच्या पाकिटावर कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेला स्टिकर असतो, तो फाइलला चिकटवून किंवा कार्डावर मागून घ्या. पुढे दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर नुसता एक्स-रे बघून कुठल्या कंपनीचा स्क्रू, कुठली चावी लागेल हे ओळखताना त्यांचा अर्धा दिवस जातो.